तुमचा ट्रान्सफरचा अर्ज नेमका कुठवर आला?

आमचे सोसायटी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या सभासदांसाठी आणि कमिटीसाठी

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात सर्वात जास्त फोन एकाच कारणासाठी येतात: "महिना झाला, स्क्रीनवर अजून 'छाननी'च दिसतंय. तुम्ही जरा पुढे सरकवता का?" आम्ही सरकवत नाही. तशी सोयच आमच्याकडे ठेवलेली नाही. असे का, ते या पत्रकात सांगितले आहे. उदाहरण फ्लॅट ट्रान्सफरचे, म्हणजे सोसायटीत फ्लॅट नव्या सभासदाच्या नावे करण्याचे, घेतले आहे, कारण सर्वात जास्त टप्पे त्यालाच लागतात आणि सर्वात जास्त वादही त्यावरूनच होतात.

प्रत्येक अर्जाला एक क्रमांक मिळतो आणि एका वेळी तो एकाच टप्प्यावर असतो. टप्प्याशेजारी एक नाव दिसते. सध्या काम ज्याच्याकडे आहे, त्याचे ते नाव. त्याने आपले काम करून तशी नोंद केली की अर्ज पुढच्याकडे जातो. नुसते दिवस उलटले म्हणून टप्पा बदलत नाही. म्हणून स्टेटस बघताना आधी नाव बघा, टप्पा नंतर.

मसुदा आणि दाखल

मसुदा फक्त तुम्हालाच दिसतो. 'जतन करा' दाबून निर्धास्त झालेले सभासद आम्हाला नेहमी भेटतात. कमिटीच्या दृष्टीने तो अर्ज आलेलाच नसतो. 'दाखल करा' दाबल्यावर तारखेसह पोच मिळते, ती जपून ठेवा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 22 नुसार सभासदत्वाचा अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. हे तीन महिने अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून मोजायचे असतात, कमिटीपुढे गेल्याच्या तारखेपासून नव्हे.

छाननी आणि त्रुटी

अर्ज रखडतात ते इथे. करारावरचे नाव आणि इंडेक्स-टूवरचे (नोंदणी कार्यालयातून मिळणाऱ्या दस्ताच्या गोषवाऱ्यावरचे) नाव जुळत नाही, विकणाऱ्याची मेंटेनन्सची थकबाकी असते, मूळ शेअर सर्टिफिकेट गृहकर्जापोटी बँकेत असते. अशा वेळी मॅनेजर किंवा सेक्रेटरी अर्ज 'त्रुटी'त टाकतात आणि तो तुमच्याकडे परत येतो. कारण लिहिल्याशिवाय त्यांना तो परत पाठवता येत नाही. 'कागदपत्रे अपूर्ण' एवढेच लिहून चालत नाही, कोणता कागद कमी आहे ते निवडावे लागते.

त्रुटी म्हणजे नकार नव्हे. कमी असलेला कागद त्याच क्रमांकाखाली जोडा आणि पुन्हा पाठवा. कृपया नवा अर्ज करू नका. एका फ्लॅटचे दोन अर्ज झाले की अर्धे कागद एकात, अर्धे दुसऱ्यात जातात आणि कमिटीपुढे दोन्ही अपुरेच ठरतात.

स्क्रीनच्या कोपऱ्यातला दिवसांचा आकडा त्रुटीच्या काळातही चालू राहतो. कमिटीने वेळेचे भान ठेवावे म्हणून आम्ही तो तसा ठेवला आहे. अपूर्ण अर्जाच्या मुदतीवरून वाद झालाच, तर निकाल सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयातून मिळेल, आमच्या स्क्रीनवरून नाही.

कमिटीपुढे

छाननी पूर्ण झालेले अर्ज पुढच्या मासिक मीटिंगच्या विषयपत्रिकेत आपोआप येतात. 'मंजूर' करण्यासाठी ठराव क्रमांक आणि मीटिंगची तारीख भरावीच लागते. चेअरमननी व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवला, म्हणजे ठराव झाला असे नाही. 'नामंजूर' केल्यास कारण लिहावे लागते आणि ते त्याच दिवशी अर्जदाराला जाते.

मंजुरीनंतर

इथे बरेच जण पेढे वाटून मोकळे होतात, पण अजून दोन टप्पे बाकी असतात.

पहिला टप्पा शुल्काचा. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे) प्रवेश फी 100 रुपये आणि हस्तांतरण फी 500 रुपये. हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे ज्याला सगळे 'ट्रान्सफर प्रीमियम' म्हणतात, ते महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25,000 रुपये, असा शासनाचा ऑगस्ट 2001 चा आदेश आहे. त्यामुळे त्या रकान्यात याहून मोठी रक्कम बसत नाही. कुटुंबातल्या कुटुंबात किंवा वारसाच्या नावे ट्रान्सफर असेल, तर तिथे शून्य येते. 'देणगी' किंवा 'विकास निधी' नावाचा वेगळा रकाना ट्रान्सफरच्या पावतीत जोडून द्या, अशी मागणी आमच्याकडे अधूनमधून येते. त्याच आदेशात अशा वसुलीला मनाई आहे, म्हणून आम्ही तो जोडून देत नाही. त्यापायी एखादे गिऱ्हाईक गेले तरी चालेल.

दुसरा टप्पा नोंदीचा. 'आय' आणि 'जे' या सभासदांच्या नोंदवह्यांत नव्या सभासदाचे नाव चढते आणि शेअर सर्टिफिकेटच्या मागे पदाधिकाऱ्यांच्या सह्या होतात. तोपर्यंत मेंटेनन्सचे बिल जुन्याच नावाने निघते. ती चूक नाही, त्यासाठी फोन करू नका. सह्या झालेल्या सर्टिफिकेटची प्रत जोडली की अर्ज 'बंद' होतो. बंद अर्जात खाडाखोड करता येत नाही. नावात चूक राहिलीच, तर दुरुस्तीची वेगळी नोंद होते आणि जुनीही तशीच दिसत राहते.

कमिटीसाठी थोडे

नौपाड्यातल्या सोळा फ्लॅटच्या जुन्या इमारतीत सगळे एकटे सेक्रेटरीच बघतात, तर घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये प्रत्येक विंगला वेगळा माणूस असतो. त्यानुसार टप्पे कमी-जास्त करून मिळतात. मात्र सोसायटी कितीही लहान असो, छाननी आणि मंजुरी एकाच लॉगिनला देऊ नका, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गणपतीत सेक्रेटरी कोकणात गेले की पासवर्ड खजिनदारांच्या हाती देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. मग अर्जाच्या इतिहासात सही सेक्रेटरींची दिसते आणि त्या दिवशी ते असतात चिपळूणला. त्याऐवजी 'बदली' हा पर्याय वापरा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाकडे, एवढेच भरायचे आहे. मुदत संपली की कामे आपोआप मूळ व्यक्तीकडे परत येतात.

बदली दिलेली असूनही काम त्या व्यक्तीच्या यादीत दिसत नसेल, किंवा टप्पा बदलूनही नाव जुनेच राहिले असेल, तर तो दोष आमचा. तेव्हा जरूर फोन करा आणि अर्ज क्रमांक हाताशी ठेवा. फ्लॅट नंबरवरून शोधताना विंगांची गल्लत होते.