बहुवारिक नॅनोवाहक

कर्करोगावरील औषध रक्तातून गाठीपर्यंत नेणारे आणि वाटेत ते कुठे आहे हे दाखवू शकणारे, बहुवारिकाचे (पॉलिमरचे) अतिसूक्ष्म कण. त्यांचा व्यास साधारणपणे १० ते २०० नॅनोमीटर असतो. तांबडी रक्तपेशी सुमारे ७,००० नॅनोमीटर रुंद असते, यावरून आकाराची कल्पना यावी.

केमोथेरपीची बहुतेक औषधे गाठ आणि निरोगी ऊतक यांत फारसा भेद करत नाहीत. डॉक्सोरुबिसिनने हृदयाच्या स्नायूंना इजा होते. पॅक्लिटॅक्सेलची अडचण वेगळीच : ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून बनवलेला द्रावक वापरावा लागतो आणि त्या द्रावकाचीच काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी होते. दक्षिण कोरियात २००७ मध्ये मान्यता मिळालेल्या जेनेक्सॉल-पीएमने हा द्रावकच काढून टाकला. त्यात पॅक्लिटॅक्सेल बहुवारिकाच्या मायसेलमध्ये, म्हणजे बाहेरून जलस्नेही व आतून जलविरोधी अशा गोळ्यात, बसवलेले असते. नॅनोवाहकांची चर्चा नेहमी ‘अचूक नेम’ या अंगाने होते. प्रत्यक्षात त्यांचा सर्वांत खात्रीचा लाभ असा साधा, विद्राव्यतेचा आहे.

औषध बहुवारिकाच्या साखळीला रासायनिक बंधाने जोडण्याची कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेल्मुट रिंग्सडॉर्फ यांनी १९७५ मध्ये मांडली. याखेरीज पीएलजीए या बहुवारिकाचे भरीव कण आणि झाडासारखे फांद्या फुटलेले डेंड्रिमर हेही प्रकार आहेत. पीएलजीए शरीरात लॅक्टिक व ग्लायकॉलिक आम्लांत विघटित होते, त्यामुळे वाहकाचा सांगाडा मागे उरत नाही.

आकाराचे गणित शरीरच ठरवते. सुमारे ६ नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून गाळले जातात, तर फार मोठे कण प्लीहेत अडकतात. मधल्या आकाराच्या कणांना यकृतातील भक्षक पेशी गिळतात. ते लांबवण्यासाठी पृष्ठभागावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे (पीईजी) आवरण देतात. हा उपायही निर्दोष नाही : काहींच्या शरीरात पीईजीविरुद्धच प्रतिपिंडे असतात.

गाठीतील रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या व गळक्या असतात आणि तेथील लसिकेचा (लिंफचा) निचरा कमी असतो, म्हणून मोठे रेणू तेथे शिरतात आणि साचतात, असे मात्सुमुरा व माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवले. पुढची अनेक वर्षे हे क्षेत्र याच तत्त्वावर उभे राहिले. उंदरात झपाट्याने वाढवलेल्या गाठींत ते ठळक दिसते. माणसात मात्र रुग्णागणिक, एवढेच नव्हे तर एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही, फरक पडतो. प्राण्यांवरील जुन्या प्रयोगांच्या २०१६ मधील एका विश्लेषणात गाठीत पोहोचलेल्या कणांचे मध्यक प्रमाण टोचलेल्या मात्रेच्या अवघे ०.७ टक्के निघाले.

पोहोचल्यावर औषध सुटायलाही हवे. रक्ताचा पीएच ७.४ असतो, तर पेशीतील लयकारिकांचा (लायसोसोमचा) ५ च्या आसपास. औषध व बहुवारिक यांना जोडणारा हायड्राझोन बंध रक्तात टिकतो व या आम्लात तुटतो. कॅथेप्सिन-बी या विकराने (एंझाइमने) तुटणारी पेप्टाइडची दोरीही वापरतात.

वाहकाचा माग काढायचा तर त्यावर खूण बसवावी लागते. अवरक्तालगतच्या प्रकाशात चमकणारी रंजके प्रयोगशाळेतील उंदरांसाठी सोयीची असतात, पण प्रकाश ऊतकात खोल जात नाही. एमआरआयसाठी लोह ऑक्साइड किंवा गॅडोलिनियम, तर पीईटीसाठी (किरणोत्सारी खूण टिपणाऱ्या स्कॅनसाठी) झिर्कोनियम-८९ वापरतात. त्याचा अर्धायुकाल सुमारे ३.३ दिवस असल्याने रक्तात दिवसेंदिवस फिरणाऱ्या कणांशी त्याचा मेळ बसतो.

येथेच वाचकाने सावध राहावे. प्रतिमेत दिसते ती खूण, औषध नव्हे. रंजक कणातून गळले, तर यकृतातला उजेड वाहकाचा की सुट्या रंजकाचा हे सांगता येत नाही. वाहक गाठीत आणि औषध वाटेतच सांडलेले, असेही घडते. डॉक्सोरुबिसिन स्वतःच चमकते, म्हणून ते अभ्यासकांचे लाडके. पण डीएनएच्या पायऱ्यांत शिरताच त्याची चमक मंदावते, म्हणजे औषध कामाला लागते तेव्हाच ते नजरेआड होऊ लागते. यावर एक चांगली युक्ती म्हणजे कणात दोन रंजके भरणे. कण शाबूत असेपर्यंत एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे जाते; तो फुटला की रंजके दुरावतात आणि प्रकाशाचा रंग बदलतो.

रुग्णांसाठी मागोव्याचा खरा उपयोग कदाचित औषध देण्यापूर्वीचा आहे. शर्करा-बहुवारिकाचे आवरण असलेले फेरुमॉक्सिटॉल हे लोहाचे कण आधी टोचून एमआरआयवर पाहिले, तर कोणत्या गाठी नॅनोकण आत घेतात याचा अंदाज येतो. लायपोसोममधून (मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांतून) औषध दिलेल्या रुग्णांत हे करून पाहिले गेले आहे. ज्यांच्या गाठी कण घेतच नाहीत, त्यांना अशा वाहकातून औषध देण्यात फारसा अर्थ उरत नाही.