प्रोबायोटिक पूरक विकणारी कंपनी आणि जिवाणूंचं औषध बनवणारी कंपनी: पैसे घालण्याआधी ओळखायचा फरक

प्रोबायोटिकच्या, म्हणजे आरोग्यासाठी घेतल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंच्या, क्षेत्रातल्या कुठल्याही छोट्या कंपनीचं गुंतवणूकदारांसाठीचं सादरीकरण उघडा. आतड्यातल्या जिवाणूंची रंगीत चित्रं, लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियमची नावं, मायक्रोबायोमची (शरीरातल्या जिवाणूसमूहाची) वाढती बाजारपेठ, हे सगळीकडे सारखंच असतं. कंपन्या मात्र दोन वेगळ्या धंद्यांत असतात. एक आरोग्यपूरक विकते. दुसरी जिवंत जिवाणूंचं औषध विकसित करते, ज्याला अमेरिकेची अन्न-औषध नियामक संस्था एफडीए 'लाइव्ह बायोथेरप्यूटिक प्रॉडक्ट' म्हणते. पहिलीत पैसे बुडाले तर बहुधा हळूहळू बुडतात, दुसरीत एका दिवसात. छोटा गुंतवणूकदार फसतो तो पहिल्या प्रकारच्या कंपनीला दुसऱ्या प्रकारचं मोल देऊन.

मुळातला फरक कायद्याचा आहे. अमेरिकेत १९९४ च्या आहारपूरक कायद्यानुसार पूरक बाजारात आणायला एफडीएची पूर्वमान्यता लागत नाही. घटक नवा असेल तर सहसा विक्रीच्या किमान ७५ दिवस आधी एफडीएला सूचना द्यावी लागते, पण ही सूचनाच, मान्यता नव्हे. म्हणून 'एफडीएकडे नोंद झाली' या वाक्याला औषधमान्यतेचं वजन देऊ नका. 'पचनाला मदत करते' एवढं पूरकाच्या वेष्टनावर लिहिता येतं; 'अतिसार बरा करते' असं लिहिलं की तेच उत्पादन कायद्याच्या नजरेत मान्यता नसलेलं औषध ठरतं. निव्वळ वापरामुळेही ही रेषा ओलांडली जाते. अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाचा रुग्णालयात प्रोबायोटिक दिल्यानंतर जंतुसंसर्गाने मृत्यू झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एफडीएने डॉक्टरांना इशारा दिला आणि अशा बाळांच्या उपचारासाठी विकलेली उत्पादनं मान्यता नसलेली औषधं ठरवली. संबंधित उत्पादन बाजारातून मागे घ्यावं लागलं. ज्या छोट्या कंपनीची बरीचशी विक्री रुग्णालयांत होते, तिच्यासाठी ही खरी जोखीम आहे.

युरोपात पूरकांची वाट आणखी अरुंद आहे. तिथे 'प्रोबायोटिक' हा शब्दच आरोग्यदावा मानला जातो आणि युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने प्रोबायोटिकचे बहुतेक दावे पुराव्याअभावी नाकारले आहेत. भारतात पूरक अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, नियमांत बसतं: दिवसाच्या मात्रेत साधारणपणे किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत, वेष्टनावर १४ अंकी परवाना क्रमांक हवा आणि ते औषधी वापरासाठी नाही असं छापलेलं हवं. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोबायोटिकवर याऐवजी औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक असतो. सुरुवात इथूनच करा. कंपनीचं उत्पादन केमिस्टकडून विकत आणून मागची बाजू वाचा.

आता आकड्यांकडे. पूरक कंपनीला वर्षभर विक्री असते, म्हणून तिची परीक्षा ताळेबंदातच होते. स्टॉकहोममध्ये नोंदलेली बायोगाया हे याचं चांगलं उदाहरण. रॉयटेरी जातीच्या जिवाणूचे लहान बाळांसाठीचे थेंब ती अनेक देशांत वितरकांमार्फत विकते. रोजचे पाच थेंब म्हणजे १० कोटी जिवाणू. अशा कंपनीची खरी मालमत्ता असते तिचा क्रमांक दिलेला वाण (एका जातीतला नेमका उपप्रकार), जिवाणू संग्रहालयातली त्याची ठेव आणि त्याच वाणावर झालेल्या चाचण्या. 'लॅक्टोबॅसिलसवर अभ्यास झाले आहेत' याला किंमत नाही. जात एक असली तरी एका वाणाचा निष्कर्ष दुसऱ्याला लागू पडत नाही.

वाणाची आणि सूत्राची मालकी कोणाकडे, हा पुढचा प्रश्न. व्हीएसएल#३ या प्रसिद्ध मिश्रणाबाबत नाव एका बाजूकडे राहिलं आणि मूळ सूत्र ते तयार करणारे क्लाउडिओ दे सिमोन यांच्याकडे गेलं. वाद अमेरिकेतल्या मेरीलँडच्या न्यायालयात पोचला आणि २०१८ मध्ये ज्युरीने दे सिमोन यांच्या बाजूने कौल दिला. छोट्या कंपनीच्या अहवालात 'परवान्याने मिळालेला वाण' असं दिसलं, तर करार कधी संपतो, कोणत्या देशांपुरता आहे आणि संपल्यावर कारखान्यातलं ज्ञान कोणाकडे राहतं, हे शोधून काढा.

मालाच्या साठ्याची ओळ तर बारकाईने वाचायलाच हवी, कारण इथे माल जिवंत असतो आणि रोज थोडा थोडा मरतो. वाळवलेल्या लॅक्टोबॅसिलसचे दोन शत्रू, ओल आणि उष्णता. म्हणून कंपन्या लेबलवरच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त जिवाणू भरतात. लेबलवरचा आकडा 'उत्पादनाच्या वेळी' आहे की 'मुदत संपेपर्यंत', हे बघा. पहिला शब्दप्रयोग असेल तर गिऱ्हाइकाच्या हातात काय पडतं याची हमी नाही. २५ अंशांवर टिकलेला माल नागपूरच्या मे महिन्यात किंवा कोकणच्या पावसाळ्यात स्टॉकिस्टच्या गोदामात तसाच टिकेल असं धरून चालू नका. बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्ससारखे बीजाणू (प्रतिकूल हवेत तगणारं सुप्त रूप) बनवणारे जिवाणू इथे बरेच सरस ठरतात. विक्री १० टक्क्यांनी वाढली आणि साठा ५० टक्क्यांनी वाढला, किंवा वर्षअखेरच्या तिमाहीत येणी एकदम फुगली, तर वितरकांच्या गळ्यात माल मारला जातोय अशी शंका घ्या. तो पुढच्या वर्षी मुदत संपून परत येतो. एकाच मोठ्या ब्रँडला भुकटी पुरवणाऱ्या कंपनीत धोका वेगळा: त्या ब्रँडने पुरवठादार बदलला की वर्ष गेलं.

औषध कंपनीत यातलं काहीच लागू पडत नाही, कारण तिथे विकायलाच काही नसतं. तिथे दोनच तारखा महत्त्वाच्या: चाचणीचा निकाल कधी आणि पैसे संपणार कधी. हाताशी ४ कोटी डॉलर, तिमाही खर्च १ कोटी, म्हणजे चार तिमाह्या. निकाल सहाव्या तिमाहीत असेल तर मधेच नवे समभाग निघणार, बहुधा पडलेल्या भावाला. आधीचे ३ कोटी समभाग असताना २ कोटी नवे काढले की तुमचा १ टक्क्याचा हिस्सा ०.६ टक्के होतो.

सेरेस थेरप्युटिक्सचा प्रवास अभ्यासण्यासारखा आहे. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूचा, तीव्र जुलाब घडवणारा आतड्याचा संसर्ग उलटू नये म्हणून तिने दात्यांच्या विष्ठेतल्या जिवाणूंच्या बीजाणूंपासून कॅप्सूल बनवली. २०१६ मध्ये दुसऱ्या टप्प्यातली चाचणी फसली आणि भाव एका दिवसात कोसळला. कंपनीने मात्रा वाढवली, निदानाची पद्धत कडक केली आणि १८२ रुग्णांच्या तिसऱ्या टप्प्यात आठ आठवड्यांत संसर्ग उलटण्याचं प्रमाण सुमारे १२ टक्के आलं, औषध नसलेली नकली कॅप्सूल घेणाऱ्यांत ४० टक्के. एप्रिल २०२३ मध्ये 'व्हाउस्ट' या नावाने मान्यता मिळाली. रोज चार कॅप्सूल, सलग तीन दिवस. विज्ञान जिंकलं, तरी पुढच्याच वर्षी कंपनीने हे औषध नेस्लेला विकून टाकलं. बाकीच्यांचं पाहा: लीड्सची फोरडी फार्मा २०२२ मध्ये सावकाराने कर्ज परत मागताच दिवाळखोरीतल्या प्रशासकाच्या हाती गेली, फिंचने जानेवारी २०२३ मध्ये तिसऱ्या टप्प्यातली चाचणी थांबवली, इव्हेलोने त्याच वर्षी गाशा गुंडाळला. म्हणून चाचणीच्या बातमीआधी कर्जाच्या अटींची टीप वाचा.

सगळ्यांत अवघड असतात दोन्ही दरडींवर हात ठेवणाऱ्या छोट्या कंपन्या. पूरक विकता विकता 'औषधही येतंय' असं सांगणाऱ्या कंपनीला विचारा: मानवी औषधचाचणीची परवानगी घेतली आहे का, चाचणी सार्वजनिक नोंदवहीत आहे का, खर्च कोणत्या ओळीत दिसतो? संशोधनखर्च विक्रीच्या दोन-तीन टक्के असेल तर औषध फक्त सादरीकरणातच आहे. अमेरिकेत क्रमही महत्त्वाचा आहे. एखाद्या घटकाची औषध म्हणून परवानगीने मोठी चाचणी सुरू झाली आणि ती जाहीर झाली असेल, आणि त्याआधी तो पूरक म्हणून विकला गेला नसेल, तर नंतर त्याला पूरक म्हणून विकता येत नाही. चुकीच्या क्रमाने पाऊल टाकणारी कंपनी स्वतःचीच वाट बंद करते.

भारतातून परदेशी समभाग घेताना रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि ते समभाग प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या अनुसूचीत दाखवावे लागतात, तोटा झाला तरीही. अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअरबाजारात भाव सलग ३० व्यवहारदिवस एका डॉलरखाली राहिला तर यादीतून काढण्याची नोटीस येते. ती टाळायला कंपन्या समभाग एकत्र करतात आणि तुमच्या २० समभागांचा एक होतो. देशातली यादीत नसलेली कंपनी खाजगीरीत्या समभाग देऊ करत असेल, तर एका आर्थिक वर्षात साधारणपणे २०० जणांपेक्षा जास्त लोकांना ती विचारू शकत नाही. ओळखीच्या ओळखीतून व्हॉट्सअ‍ॅपवर पसरलेली 'संधी' ही मर्यादा पाळत असण्याची शक्यता कमीच. तिथे प्रस्तावपत्र मागा, आणि पैसे कंपनीच्या वेगळ्या बँक खात्यात तुमच्याच खात्यातून भरा. रोख कधीच देऊ नका.