वांगाचे डाग: स्कार्फ, ऊन आणि चिठ्ठीशिवाय मिळणारी ट्यूब

पार्श्वभूमी

चेहऱ्यावरचा वांग, म्हणजे गालांवर उठणारे तपकिरी-काळसर डाग, जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत त्याचं वर्णन येतं आणि कारणांत क्रोध व श्रम दिलेले आहेत. आजच्या यादीत ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि आनुवंशिकता आहे. गोऱ्या मुलांच्या नाका-गालांवर उठणारे बारीक ठिपके वेगळे. त्यांचा कल जन्मतःच असतो, उन्हाने ते गडद होतात आणि हिवाळ्यात फिकटतात.

पुण्यात या विषयाला वळण दिलं दुचाकीने. सायकलींच्या शहरात सत्तरीत मोपेड आली, पुढे गिअर नसलेल्या स्कूटर आल्या आणि कोथरूडहून हिंजवडीला रोज दुचाकीवर जाणाऱ्या बायका-मुली वाढल्या. धूर-धुळीसाठी बांधलेला स्कार्फ शहराची ओळख झाला. पण पातळ सुती ओढणीतून अतिनील किरण बऱ्यापैकी आत येतात. शिवाय डोळ्यांसाठी सोडलेल्या फटीत गालफडांचा वरचा भाग उघडाच राहतो, आणि वांग बहुतेकदा तिथेच उठतो. घट्ट विणीचं, गडद कापड आणि खाली सनस्क्रीन, असा जोड असेल तरच स्कार्फचा उपयोग.

डाग घालवण्याचा इतिहास मात्र उन्हापेक्षा क्रीमचा आहे. 1975 साली परदेशात हायड्रोक्विनोन (डाग फिके करणारं), ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या जातीचं) आणि स्टिरॉइड (दाह शमवणारं) यांचं एकत्रित मिश्रण प्रसिद्ध झालं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजके आठवडे वापरायचं हे औषध. आपल्याकडे त्याचे सुधारित अवतार गोरं करणारी क्रीम म्हणून घरोघरी पोचले. मैत्रिणीने नाव सांगायचं, मेडिकलवाल्याने काउंटरवर ट्यूब ठेवायची. पहिल्या काही आठवड्यांत डाग फिके होतात, चेहरा उजळतो. थांबवलं की लाली, आग, पुटकुळ्या येतात आणि वांग परततो, म्हणून परत तीच ट्यूब. महिनोन् महिने हे चाललं की त्वचा पातळ होते, गालावर लाल रेषा दिसतात, हनुवटीवर लव वाढते.

हे इतकं सोपं का होतं? स्टिरॉइड शेड्युल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांत, होती. पण त्वचेवर लावायच्या प्रकारांना त्यातून सूट होती. त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं ही पळवाट दाखवत होते. अखेर 2018 मध्ये केंद्राने 14 स्टिरॉइडांच्या मलमांची सूट काढून घेतली. यावरचा आक्षेप ठाऊक आहे: खेडोपाडी त्वचेचा डॉक्टर कुठे, तिथे मेडिकलवालाच पहिला डॉक्टर. गजकर्णाच्या रुग्णापुरती ही अडचण खरी धरली, तरी स्टिरॉइडने गजकर्ण बरं होत नाही, दबून पसरतं. आणि वांगावर तर तातडीचं असं काहीच नसतं. निर्णय योग्यच होता, उशिरा आला एवढंच. खरी ढिलाई अंमलबजावणीत आहे. ट्यूबवर आरएक्सची, म्हणजे चिठ्ठीवरच्या औषधाची, खूण आणि इशारा छापलेला असतो, पण चिठ्ठी न मागणारं दुकान आजही सापडतं. आईने वापरून अर्धी ठेवलेली ट्यूब मुलगी लावते, तिथे तर नियम पोचतच नाही.

अलीकडे भर सवयींवर आला आहे. लिंबाचा रस चोळून उन्हात गेलं तर नवेच काळे डाग पडतात. स्क्रब आणि खरखरीत टॉवेलने घासूनही त्वचा काळवंडते. मोबाइलच्या उजेडाची भीती वाढवून सांगितली जाते. दिवसाच्या उजेडापुढे तो नगण्य आहे. उलट सूर्याचा डोळ्यांना दिसणारा प्रकाश सावळ्या त्वचेत वांग गडद करतो हे 2010 नंतर स्पष्ट होत गेलं आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. म्हणून आता आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन सुचवतात. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर भरेल एवढं, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. ज्यांना ट्यूबची सवय लागली आहे त्यांची ती आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते, वांगाचे उपचार त्यानंतर.