आधी लस की आधी साथ?

१९७६ च्या सुरुवातीला अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स या लष्करी तळावर डुकरांमधल्या फ्लूचा विषाणू जवानांमध्ये सापडला. एक जवान दगावला. १९१८ ची फ्लूची महासाथ आठवून सरकारने अख्ख्या देशाला लस टोचायचं ठरवलं आणि ऑक्टोबरपासून अडीच महिन्यांत चार कोटींहून जास्त लोकांना ती टोचलीही. साथ मात्र आलीच नाही. समोर आले ते गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण. यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. आधी पाय लुळे पडू लागतात, मग अशक्तपणा वर सरकतो. लसीमुळे पडलेली भर होती लाखामागे साधारण एक रुग्ण. डिसेंबरात मोहीम गुंडाळली गेली.

चाचणीत हे कसं दिसलं नाही? समजा, पाच हजार जणांना लस दिली आणि एकालाही त्रास झाला नाही, तरी गणित एवढंच सांगतं की धोका बहुधा पाच हजारांत तिघांहून कमी आहे. लाखात एखाद्याला होणारा त्रास लस लाखोंच्या दंडात गेल्यावरच कळतो. म्हणून मोहिमेदरम्यान ठेवलेल्या नोंदी म्हणजे चाचणीचाच पुढचा टप्पा. आणि साथ खरोखर आली असती, तर याच लाखात एकाकडे लोकांनी वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

२००९ मध्ये उलटं झालं. स्वाइन फ्लूची साथ आधी आली. ऑगस्टमध्ये पुण्यात शाळा, चित्रपटगृहं बंद, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा, आणि लस कुठेच नाही! श्रीमंत देशांनी आगाऊ करार करून बहुतेक साठा आधीच राखून ठेवला होता. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे ७७ देशांना सुमारे ७.८ कोटी डोस वाटले खरे, पण तोवर पहिला जोर ओसरला होता.

पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची लस जुलै २०१० मध्ये आली. तिच्यातला विषाणू जिवंत, पण थंडीला सरावलेला: नाकाच्या गारव्यात वाढतो, फुप्फुसांच्या उबेत त्याचं फारसं चालत नाही. सुई नको, शिवाय एका अंड्यातून टोचायच्या लसीपेक्षा कितीतरी जास्त डोस निघतात. गरीब देशांसाठी याहून सोयीचं काय! अडचण एकच, पण मोठी. जिवंत विषाणूची लस गरोदर बायकांना देत नाहीत, आणि या फ्लूने ज्यांना जास्त छळलं त्यांत गरोदर बायका होत्या. त्यांना मृत विषाणूची, टोचायचीच लस हवी होती. १० ऑगस्ट २०१० ला महासाथ संपल्याचं जाहीर झालं.