वनौषधींतील औषधरेणूंचा संगणकीय शोध

परंपरेने औषधी मानलेल्या वनस्पतींमधले रासायनिक रेणू रोगाशी संबंधित प्रथिनांवर काम करू शकतील का, याचा अंदाज प्रयोगशाळेत जाण्याआधी संगणकावर बांधण्याची पद्धत. हिला ‘इन सिलिको’ पद्धत असेही म्हणतात. हजारो रेणूंमधून तपासण्याजोगे दहा-वीस निवडून देणे एवढेच तिचे काम. तेवढ्यावरून औषध सापडले असे म्हणता येत नाही, तरी बातम्यांचे मथळे नेमके तेच म्हणतात.

या कामाला लागणारी माणसे आणि साधने पुण्यात एकमेकांपासून फार लांब नाहीत. विद्यापीठात १९८७ साली जैवमाहितीशास्त्र केंद्र सुरू झाले. १९८८ मध्ये सी-डॅक या प्रगत संगणनाच्या सरकारी संस्थेची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये तिथे परम ८००० हा महासंगणक तयार झाला. रेणू वेगळे करणारे रसायनशास्त्रज्ञ पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) आहेत, तर पेशींवर चाचण्या घेणारी एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था विद्यापीठाच्याच आवारात आहे. सी-डॅकने आयुर्वेदाच्या ग्रंथांवर आधारलेली ‘आयुसॉफ्ट’ ही प्रणालीही बनवली. मात्र ती वैद्याला निदानात आणि उपचारात मदत करते, रेणू शोधत नाही. दोन्हींची गल्लत करू नये.

कामाची सुरुवात झाडाच्या ओळखीपासून होते आणि तिथेच बरेच काही बिघडू शकते. ब्राह्मी म्हणून कोणी बाकोपा मोनिएरी वापरतो, कोणी मंडूकपर्णी. पहिलीत बॅकोसाइड, दुसरीत एशियाटिकोसाइड. म्हणजे संगणकापुढे येणारी रेणूंची यादीच निराळी. शंखपुष्पीच्या नावाखाली निदान तीन वनस्पती बाजारात चालतात. पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली मुळी कशाची, हे आधी वनस्पतिशास्त्रज्ञाने सांगावे लागते. आघारकर संशोधन संस्थेतल्या वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाचे मोल यासाठीच मोठे आहे.

ओळख पटली की रेणूंची यादी हवी. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेने २०१८ मध्ये भारतीय औषधी वनस्पतींचा ‘इम्पॅट’ हा डेटाबेस खुला केला. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ४,०१० वनस्पती आणि १७,९६७ रेणू आहेत. या यादीला बहुधा औषधसंशोधक लिपिन्स्की यांची १९९७ ची, तोंडावाटे देण्याजोगे रेणू निवडणारी चाळणी लावतात: रेणुभार ५०० च्या आत, तेलात विरघळण्याचा कल मर्यादित, वगैरे. वनस्पतींच्या बाबतीत ही चाळणी डोळे मिटून लावणे धोक्याचे. डिगॉक्सिनचा रेणुभार सुमारे ७८०, तरी ते हृदयविकारावर तोंडावाटे दिले जाते. असे अपवाद असतात हे लिपिन्स्की यांनी स्वतःच नोंदवले होते.

पुढची पायरी डॉकिंगची. प्रथिनाच्या त्रिमितीय रचनेतल्या खोबणीत रेणू निरनिराळ्या कोनांतून बसवून पाहायचा आणि प्रत्येक बैठकीला ऊर्जेचा गुण द्यायचा, असे तिचे स्वरूप. ऑटोडॉक व्हिना हे २०१० च्या सुमाराचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते, त्यामुळे औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही हे काम जमते. गुण जितका उणे, तितकी पकड घट्ट असे मानतात. अडचण अशी, की खोलीच्या तापमानाला सुमारे १.४ किलोकॅलरी प्रति मोल एवढा फरक पडला की पकडीची ताकद दहापट बदलते, आणि गुण देण्याच्या सूत्रातली चूक सहज दोन किलोकॅलरींच्या पुढे जाते. तेव्हा उणे ८.९ गुणांचा रेणू उणे ८.४ वाल्यापेक्षा सरस, हा निष्कर्ष काढण्यात अर्थ नसतो.

शिवाय प्रथिन स्थिर नसते. ते कसे हलते हे पाहण्यासाठी रेणवीय गतिकीची गणिते करतात. एक पाऊल दोन फेम्टोसेकंदांचे धरले (फेम्टोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग), तर १०० नॅनोसेकंदांसाठी पाच कोटी पावले टाकावी लागतात. महासंगणक खरा लागतो तो इथे.

सह्याद्रीतला नरक्या हा वृक्ष या पद्धतीच्या मर्यादा फार स्पष्ट दाखवतो. त्यात कॅम्प्टोथेसिन हा रेणू असतो. अमेरिकेत मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये हा रेणू एका चिनी झाडातून मिळवला; नरक्यातही तो असल्याचे पुढे भारतीय शास्त्रज्ञांना आढळले. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधे त्याच्यापासूनच घडवली. हा रेणू टोपोआयसोमरेज-१ या विकराला (एन्झाइमला) रोखतो, पण तो नुसत्या विकराला चिकटत नाही आणि नुसत्या डीएनएलाही नाही. विकराने डीएनएचा एक धागा कापल्यावर दोघांच्या मध्ये जी फट पडते, तिथे तो अडकतो. केवळ प्रथिनाची रचना घेऊन डॉकिंग करणाऱ्याच्या हातून तो निसटण्याचाच संभव जास्त. एवढ्यावरही संपत नाही: रक्ताच्या सामूला (पीएचला) त्याचे लॅक्टोन वलय उघडते आणि तो निष्प्रभ होतो, ही गोष्ट डॉकिंगच्या गुणात कुठेच दिसत नाही.

उलट बाजूला हळदीतला कर्क्युमिन. तो जवळपास प्रत्येक प्रथिनावर चांगले गुण मिळवतो आणि प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांतही खोटे होकार देतो. शरीरात मात्र अत्यल्प शोषला जातो आणि लवकर मोडतो. ‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण संशोधकांनाही लागू पडते. फेब्रुवारी २०२० मध्ये करोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएजची (प्रथिने कापणाऱ्या विकराची) रचना खुली झाल्यावर गुळवेल, अश्वगंधा, तुळस यांतल्या रेणूंवर डॉकिंगच्या निबंधांचा पूर आला. त्यांतल्या फारच थोड्यांची प्रयोगाने पडताळणी झाली.

याला पर्याय म्हणून पुण्यात आयुर्वेदाचे संशोधक भूषण पटवर्धन यांनी पुरस्कारलेला ‘रिव्हर्स फार्माकॉलॉजी’चा मार्ग महत्त्वाचा ठरतो. त्यात रुग्णांवरचा जुना अनुभव आधी नीट नोंदवतात, मग प्रयोगशाळेत त्यामागची यंत्रणा शोधतात. अनेक रेणू आणि अनेक प्रथिने यांचे जाळे एकत्र पाहणारे नेटवर्क फार्माकॉलॉजी या विचाराच्या जवळचे आहे, कारण काढ्यात एकच रेणू कधीच नसतो.

मालकीचा प्रश्न वेगळा. अमेरिकेने १९९५ मध्ये हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर दिलेले पेटंट सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. तेव्हा तिचे महासंचालक रघुनाथ माशेलकर होते, जे त्याआधी एनसीएलचे संचालक होते. २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय (डिजिटल) ग्रंथालय उभे राहू लागले, २००२ मध्ये जैवविविधता कायदा झाला. परदेशी कंपनीला इथली वनस्पती किंवा तिच्याशी निगडित ज्ञान संशोधनासाठी घ्यायचे, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. पण झाडाला हातही न लावता डेटाबेसातून रेणूची रचना उतरवून घेतली आणि तो कारखान्यात बनवला, तर ज्यांच्या माहितीवरून ते झाड यादीत आले त्यांचा वाटा कसा ठरवायचा, यावर वाद चालू आहे.