कच्छचा समुद्र का हटला?

कच्छच्या भूशास्त्राची सुरुवात शंखांपासून झाली. 1870 च्या दशकात भूशास्त्रज्ञ ए. बी. विन यांनी या भागाचा नकाशा केला, तर विल्हेल्म वागेन यांनी तिथल्या अमोनाइटांचा अभ्यास करून थरांची वये लावली. हे गुंडाळीदार कवचाचे प्राणी आपल्या देवघरातल्या शाळिग्रामाचे भाऊबंद; तेही जुरासिक काळातले (म्हणजे सुमारे 20 ते 14.5 कोटी वर्षांपूर्वीचे) आणि टेथिस या आता नाहीशा झालेल्या प्राचीन समुद्रातलेच. पण समुद्र कच्छमध्ये का आला आणि का गेला, हे नुसत्या जीवाश्मांवरून कळत नाही.

ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी 1888 मध्ये म्हटले की समुद्राचे पाणी जगभर एकदमच चढते-उतरते. पुढे 1977 मध्ये एक्सॉन कंपनीच्या पीटर व्हेल यांच्या गटाने तेलशोधातल्या भूकंपलहरींच्या नोंदींवरून जागतिक समुद्रपातळीचा आलेख काढला. आलेख देखणा होता. कुठल्याही खोऱ्यातला थर त्यावर बसवून पाहायची सवयच लागली आणि माझ्या मते ती जरा जास्तच लागली.

कारण कच्छमधले गणित वेगळे आहे. गोंडवन हे दक्षिणेकडचे प्राचीन महाखंड फुटू लागले तेव्हा, जुरासिकच्या आधीच्या ट्रायसिक काळाच्या अखेरीस, इथे जमीन चिरून खचदरी तयार झाली आणि तिच्यात टेथिसचा फाटा शिरला. तिथले बरेचसे खडक उथळ पाण्यातले, पण थरांची एकूण जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरहून अधिक. उथळ समुद्रात एवढा गाळ मावणार कसा? तळ सतत खचत होता म्हणून. समुद्रपातळीतले चढउतार शे-दोनशे मीटरचे. बाकीची जागा भूकवचाने करून दिली.

दोन्ही कारणांची गाठ धोसा ऊलाइट या थरात पडते. खसखशीएवढ्या लोहयुक्त गोल कणांचा हा तपकिरी थर जाडीला अगदी थोडा, पण अमोनाइटांनी गच्च. म्हणजे गाळ फार सावकाश साचत होता. समुद्र चढल्याने नदीचा गाळ किनाऱ्यालगतच अडला, असे काही जण म्हणतात. खचदरीतले भूकवचाचे ठोकळे हलल्याने तळ उंचावला आणि लाटांनी तो खरवडला, असे इतरांचे म्हणणे. दगडावर दोन्हींच्या खुणा सारख्याच दिसतात.

निर्णायक पुरावा मात्र जुरासिकनंतरच्या क्रिटेशियस काळाचा. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी जगभरचे समुद्र फार चढलेले होते. त्याच सुमारास नर्मदेच्या खोऱ्यातून पाणी मध्य प्रदेशातल्या बागपर्यंत आत शिरले. तिथल्या चुनखडकात त्याचे जीवाश्म आहेत. आणि त्याच वेळी कच्छची मुख्यभूमी पाण्याबाहेर होती, झिजत होती. नदीमुखाच्या गाळाचा भुज वालुकाश्म तोवर साचून झाला होता. पुढे दख्खनचा लाव्हा आला तो या झिजलेल्या, कललेल्या थरांवरच पसरला. जागतिक आलेखावर पाणी वर, कच्छमध्ये समुद्र गायब: हा हात भूकवचाचाच.

भारतीय भूखंड आशियाला भिडल्यावर ताण संपून दाब सुरू झाला. ज्या प्रस्तरभंगांवर, म्हणजे खडक सरकण्याच्या भेगांवर, तळ खचला होता, त्यांतले काही उलट सरकू लागले. 1819 च्या भूकंपात रणात काही मीटर उंच, सुमारे 80 किलोमीटर लांब अल्लाह बंध नावाचा उंचवटा उभा राहिला आणि सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. 26 जानेवारी 2001 चा भूकंपही याच दाबाचा.