शिडाच्या नौकेवरील शौचालय : देखभाल व दुरुस्ती

शिडाच्या सफरी नौकांवर बहुधा हातपंपाचे शौचालय असते. भांड्याशेजारी उभा पंप असतो आणि त्यातला एकच दट्ट्या दोन कामे करतो. दांडा वर ओढला की भांड्यातला मैला दट्ट्याखाली शिरतो आणि दट्ट्यावरचे समुद्राचे पाणी भांड्यात जाते. दांडा खाली दाबला की मैला बाहेरच्या नळीत ढकलला जातो, वर नवे पाणी भरते. पाण्याची वाट बंद करून भांडे नुसते उपसण्यासाठी वेगळी कळ असते. मैला परत फिरू नये म्हणून पंपाच्या तोंडाशी चीर असलेली रबरी झडप बसवतात. तिला ‘जोकर व्हॉल्व्ह’ म्हणतात.

शौचालय तुंबले की पाहुण्यांनी टाकलेल्या कागदाला बोल लावला जातो. तो दोष कधीकधी खराही असतो, पण जुन्या नौकेवर संशय आधी क्षारांवर घ्यावा. मूत्रातील युरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो, पाणी अल्कधर्मी बनते आणि समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार नळीत आतून थर धरतात. 38 मिमी व्यासाची नळी अशी अरुंद होत जाते. जोकर व्हॉल्व्हवर थर बसला की त्याची चीर नीट मिटत नाही आणि उपसलेल्या भांड्यात घाण पाणी हळूहळू परत चढते. (चढणारे पाणी स्वच्छ असेल, तर गळती समुद्राच्या पाण्याच्या बाजूची असते.)

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे भरपूर पंप मारणे. 38 मिमीच्या नळीत दर मीटरला सुमारे 1.1 लिटर पाणी मावते; लांब नळी पूर्ण धुऊन निघायला चार-दोन झटके पुरत नाहीत. अधूनमधून व्हिनेगर सोडून रात्रभर ठेवले, तर थर लवकर धरत नाही. घट्ट बसलेल्या थरासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात, किंवा नळी सोडवून धक्क्यावर आपटतात. थर तडकून खपल्या पडतात. आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नये, क्लोरीन वायू सुटतो.

दांडा जड झाला, तर दट्ट्याला सिलिकॉन ग्रीस लावून पाहावे. सैल होऊन पाणी ओढेनासा झाला, तर दट्ट्यावरची रबरी कडी झिजलेली असते. पंपाच्या वरच्या टोकातून पाणी झिरपत असेल, तर दांड्याभोवतीचे सील बदलावे. रबरी भागांचा तयार संच मिळतो. लांबच्या सफरीला तो बरोबर असावा. पंप खोलण्यापूर्वी नौकेच्या तळातील दोन्ही सीकॉक (नळ्यांची समुद्राकडची तोंडे उघडण्या-मिटण्याच्या झडपा) बंद केलेच पाहिजेत, कारण या नळ्यांच्या दुसऱ्या टोकाला थेट समुद्र आहे. सीकॉकजवळ मऊ लाकडाची निमुळती खुंटी बांधून ठेवण्याची पद्धत आहे. नळी निसटली तर ही खुंटी भोकात ठोकता येते.

भांडे जलरेषेखाली असेल, तर नळीला जलरेषेच्या बरेच वर वळण देऊन तिथे हवेची छोटी झडप बसवतात. ती मिठाने चोंदली, तर वक्रनलिकेप्रमाणे पाणी आपोआप आत वाहू लागते. अशाने धक्क्याला बांधलेल्या असतानाच बुडालेल्या नौका आहेत, तरी या झडपेकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ती काढून गोड्या पाण्याने धुणे पुरते.

दुर्गंधीचे मूळ पुष्कळदा मैल्यात नसतेच. आत येणाऱ्या नळीत साचलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव मरून कुजतात आणि जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. नौका सोडून जाताना भांड्यात गोडे पाणी ओतून पंप मारल्याने भांडे व बाहेरची नळी धुतली जाते, आत येणारी नळी मात्र तशीच राहते. तीत गोडे पाणी वेगळे खेळवावे लागते. त्यासाठी पिण्याच्या पाण्याची वाहिनी तिला थेट जोडू नये. जुन्या नळीतून वास पाझरतो का, हे पाहायला तिच्यावर गरम ओले फडके गुंडाळावे आणि थंड झाल्यावर हुंगावे.

अमेरिकेत किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडण्यास बंदी आहे. त्यामुळे तेथे मैला टाकीत साठवतात आणि समुद्राकडची वाट कुलपाने किंवा तारेने बंद ठेवतात. अशा टाकीची हवानळी चोंदली, तर पंप मारताना आत दाब वाढतो आणि धक्क्यावरच्या यंत्राने उपसताना टाकी आत पिचकू शकते.